सरखेलीचे पद आणि साष्टीची खाडी

ठाण्यास माजिवड्यापाशी सुरू होणारा घोडबंदर रस्ता डाव्या हातास साष्टीचे डोंगर आणि उजव्या हातास खाडी ठेवून पश्चिमेकडे जातो. कासारवडवली मागे पडून गायमुख आले म्हणजे खाडी रस्त्याच्या अगदी निकट येते, आणि पुढे घोडबंदर गावाशी टेकडीवर एका पोर्तुगीज किल्ल्याचे अवशेष दृष्टीस पडतात. दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींच्या दाटीतून जाणाऱ्या प्रवाशास आपण एका जुन्या जलमार्गाच्या काठाने चाललो आहोत ह्याचे भान क्वचितच राहते. वस्तुतः सतराव्या व अठराव्या शतकांत रहदारीचा खरा मार्ग पाण्याचाच होता, आणि त्याच्या दोन तोंडांवर कोणाची सत्ता आहे ह्यावर उत्तर कोकणाच्या राजकारणाचा पुष्कळसा भाग अवलंबून असे. मराठ्यांच्या आरमारी इतिहासाचा विचार सामान्यतः कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा समुद्रावरील स्थळांवरून केला जातो. तो ह्या खाडीच्या काठावरून केल्यास आरमाराच्या प्रमुखाचे पद म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न काहीशा वेगळ्या स्वरूपात समोर येतो.

हा प्रश्न केवळ पदवीचा नाही. कान्होजी आंग्रे ह्याला मराठी आरमाराचा ‘ॲडमिरल’ म्हणण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की ‘सरखेल’ आणि ‘ॲडमिरल’ हे समानार्थी शब्द मानले जातात. एका भाषेतील पदनाम दुसरीत आणताना त्या पदामागची संस्थाही आपण नकळत आणतो, आणि मग जे प्रश्न मूळ पदास लागू नव्हते त्यांची उत्तरे त्याच्याकडून मागू लागतो. १७५६ साली पेशव्याने इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्याचा पाडाव करविला, तेव्हा ‘पेशव्याने आपलेच आरमार बुडविले’ असे विधान हटकून केले जाते. ते कितपत खरे, हे ठरविण्यासाठी ते आरमार कोणाचे होते हे आधी ठरविले पाहिजे.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट. ‘ॲडमिरल’ हा शब्द अरबी ‘अमीर’ ह्यापासून आला. सिसिली बेटावर अरबांची सत्ता जाऊन नॉर्मनांची आली, तेव्हा अरब अंमलातील हे पदनाम त्यांनी लॅटिन रूपात उचलले, आणि बाराव्या शतकात अंतिओकच्या जॉर्जसारख्या अधिकाऱ्याच्या हाती ते आरमाराशी कायमचे जोडले गेले. तेथून ते स्पॅनिश व पोर्तुगीजांत ‘आल्मिरांते’ झाले आणि इंग्लंडातही पोहोचले. ‘आरमार’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’ ह्यावरून बनला. ‘सरखेल’ मात्र फारसी ‘सर-ए-खैल’, आणि ‘खैल’ म्हणजे घोडेस्वारांचे पथक. बरनीने दिल्लीच्या सुलतानांच्या सैन्यरचनेचे जे वर्णन केले आहे, त्यात दहा स्वारांवरील नायकाला सरखेल म्हटले आहे. असे दहा सरखेल एका सिपाहसालाराच्या हाताखाली. दहा घोड्यांचा हा नायक चार शतकांनंतर कोकणात गुराबांचा स्वामी झालेला दिसतो. ज्या बंदरात अरबस्तानातून येणारे घोडे उतरत म्हणून त्याला घोडबंदर नाव पडले असे परंपरा सांगते, त्याच्या काठावर बसून ह्या शब्दाचा प्रवास पाहावा, हा योगायोग गमतीचा खरा. पण त्यात एक अर्थही आहे. मराठी राज्याने दर्यावरील अधिकारासाठी नवे पदनाम घडविले नाही. जमिनीवरील सरदारीची जी कल्पना तयार होती तीच पाण्यावर नेली. सरदार म्हटला म्हणजे त्याच्याकडे पथक, पथकाच्या खर्चास मुलूख, आणि मुलखाच्या रक्षणास किल्ले, हे ओघानेच आले.

तथापि आरंभ असा झालेला नव्हता. १६५७ साली कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि त्यानंतर लवकरच तेथे जहाजबांधणी सुरू झाली. भिवंडी, कल्याण व पनवेल येथे शहाजीच्या पुत्राने लढाऊ जहाजे बांधविली असून ती बाहेर पडू देऊ नयेत असे वसईच्या अधिकाऱ्यांना बजाविले आहे, असे गोव्याच्या गव्हर्नराने १६५९ साली पोर्तुगालच्या राजास कळविले. ह्या कामावर रुइ लैतांव व्हिएगस व त्याचा पुत्र हे पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह नेमलेले होते. वीस जहाजांचे हे काम चालू असताना वसईच्या कप्तानाने त्यांना फितविले आणि ती सारी मंडळी एके रात्री कल्याणहून निघून गेली. हा प्रसंग आरमारविषयक ग्रंथांतून बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. त्यातील ‘बाहेर पडू देऊ नयेत’ ह्या शब्दांकडे मात्र अधिक लक्ष द्यावयास हवे.

कल्याणहून समुद्रावर जाण्यास उल्हास नदीचे पाणी दोन वाटा देते. एक वाट ठाण्यावरून दक्षिणेस वळून मुंबईच्या बंदरात उतरते. दुसरी ठाण्याच्या उत्तरेकडून, म्हणजे आजच्या घोडबंदर रस्त्याच्या कडेने, पश्चिमेस जाऊन वसईशी समुद्रास मिळते. ह्या दोन वाटांच्या मिठीत साष्टीचे बेट आहे. १६५९ साली ठाणे, घोडबंदर, वसई आणि मुंबई ही सर्व पोर्तुगिजांकडे होती. कल्याणच्या गोदीत जहाज कितीही उत्तम बांधले, तरी ते समुद्रावर नेण्यास परक्याच्या तोफांखालून जावे लागे. १६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर ह्या इंग्रज प्रवाशाने घोडबंदर पाहिले; त्याच्या ग्रंथात ते ‘ग्रेबंडेल’ ह्या चमत्कारिक रूपात आढळते. गोव्याच्या अलीकडील सर्वांत धनाढ्य समजल्या जाणाऱ्या एका पोर्तुगीज उमरावाचे ते ठिकाण होते. म्हणजे खाडीचे हे तोंड केवळ सरकारी ठाणे नव्हते. काठावरच्या खाजगी जमीनदारांचे तटबंदीचे वाडेही त्या पहाऱ्यात सामील होते. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे केंद्र पुढे दक्षिणेस सरकले, १६६४ साली मालवणास सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली, ह्याची इतरही कारणे होती. तरी कल्याणच्या खाडीची ही कोंडी त्यांपैकी एक असली पाहिजे.

ह्या पहिल्या आरमाराची नेमणूक कशी होती हे पाहण्यासारखे आहे. सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन सुभे सांगितले असून त्यांवर दर्यासारंग व मायनाक भंडारी असे दोन सुभेदार दाखविले आहेत. दर्यासारंग हे व्यक्तिनाम की पदनाम ह्याबद्दल मतभेद आहे. पुढे दौलतखानाचे नाव येते. ही माणसे सुभेदार होती. कोणाही एकाच्या हाती सगळे आरमार नव्हते आणि कोणाचाही स्वतःचा मुलूख नव्हता. किल्ले हवालदारांकडे, जहाजे सुभेदारांकडे, आणि पैसा सरकारचा. हा सारा कारभार राजाच्या हुकुमाने चाले. १६७९ च्या खांदेरीच्या प्रकरणात ही व्यवस्था कशी चालत होती ते दिसते. मायनाक भंडाऱ्याने बेटावर उतरून तटाचे काम आरंभिले. दौलतखान आरमार घेऊन नागोठण्याच्या खाडीच्या आश्रयाने राहिला आणि संधी मिळताच बाहेर पडू लागला. ऑक्टोबरात झालेल्या लढाईत ‘डोव्ह’ हे इंग्रजांचे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. कॅप्टन मिंचिन व केग्विन ह्यांच्या ‘रिव्हेंज’ ह्या जहाजाने तेवढा टिकाव धरला. मराठ्यांची गलबते मागे हटली ती पुन्हा नागोठण्याच्या उथळ पाण्यात, जेथे इंग्रजांच्या मोठ्या जहाजास शिरता येत नव्हते. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

ह्याच वेळी सुमारे चार हजार फौज कल्याण-भिवंडीकडे आणून ठाण्यावरून मुंबईवर चाल करण्याचा बेत महाराजांनी केला होता. पोर्तुगिजांनी वाट दिली नाही आणि तो बेत तेथेच थांबला. कल्याण घेऊन बावीस वर्षे झाली होती, तरी खाडीची तोंडे अजून परक्याकडेच होती.

खाडीतील युद्ध आणि समुद्रावरील युद्ध ह्यांची साधने सारखी नसतात. ओर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने मराठी जहाजांचे बारकाईने वर्णन केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची दीडशेची. रुंदीच्या मानाने तळ उथळ. नाळ पुढे लांब निघालेली. गलबत क्वचितच सत्तर टनांहून मोठे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा पडला असताही ते ताशी चार मैल जाऊ शके. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरांहून अधिक चढते. भांगाच्या दिवसांत ही चढउतार पुष्कळच कमी होते. ज्याला भरती-ओहोटीची वेळ, चिखलाच्या पट्ट्या आणि खडक तोंडपाठ आहेत असा कोळी किंवा भंडारी तांडेल अशा जागी मोठमोठ्या तोफांपेक्षाही मोलाचा ठरतो. युरोपीय ॲडमिरलाचे शिक्षण वाऱ्याच्या दिशेवर आणि जहाजांच्या रांगेवर आधारलेले होते; ह्या खाडीत त्याचा फारसा उपयोग नव्हता.

रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पदाच्या दृष्टीने ते पुन्हा पुन्हा वाचण्याजोगे आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानावे, जहाजे फार थोर अथवा फार लहान न करता मध्यम करावीत, पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, त्यांच्या खर्चाची नेमणूक मुलखातून करून द्यावी, सावकारी जहाजांच्या उत्पन्नावर ती ठेवू नये, असे त्याचे सांगणे आहे. लाकडासाठी आंबा-फणसाची झाडे तोडून रयतेस दुःख देऊ नये, हा प्रसिद्ध इशाराही तेथेच आहे. अमात्याच्या डोळ्यांसमोर सुभेदारांचे, वेतनाचे, राजाच्या हुकुमाचे आरमार होते. परंतु अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे लिहिले जात असताना प्रत्यक्ष किनाऱ्यावर जे उभे राहिले होते ते ह्याहून अगदी निराळे होते. आज्ञापत्राला चालू व्यवस्थेचे वर्णन समजणे ही चूक वारंवार होते. आरमारापुरते तरी ते मावळत्या व्यवस्थेचे स्मरण आहे.

ती नवी व्यवस्था म्हणजे कान्होजी आंग्रे. १६९८ साली सिधोजी गुजराच्या मृत्यूनंतर सरखेलीचा अधिकार त्याच्याकडे आला. छत्रपती दूर जिंजीस गुंतलेले, मोगल व सिद्दी किनाऱ्यावर चालून आलेले, आणि सरकारी खजिना रिकामा, अशा काळात त्याने किल्ले राखले ते स्वतःच्या कर्तृत्वावर. शाहू सुटून आल्यावर तो ताराबाईच्या बाजूस राहिला आणि त्याच्यावर चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यास त्याने कैद केले. नवा पेशवा बाळाजी विश्वनाथ ह्याने १७१४ साली लोणावळ्याच्या बाजूस त्याच्याशी जो तह केला, त्यात सरखेलीचे पद दहा जंजिरे व सोळा ठाण्यांसह त्याच्याकडे कायम झाले. ह्या तहाची दुसरी बाजू अशी की ज्या पेशवाईच्या घराण्याला पुढे आंग्र्यांशी झगडावयाचे होते त्याच्या संस्थापकाचे पहिले मोठे राजकारण आंग्र्याला मुलखासह मान्यता देण्याचेच होते. दुसरा उपाय त्याच्याजवळ नव्हता.

ह्यापुढे सरखेल म्हणजे केवळ जहाजांचा नायक राहिला नाही. तो किल्ल्यांचा धनी, महालांचा वसूल घेणारा, न्याय देणारा, आणि विशेष म्हणजे समुद्रावर दस्तक देणारा झाला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याखेरीज कोणा व्यापाऱ्याला समुद्रावर फिरू न देण्याचा जो हक्क चालविला होता, तोच हक्क कान्होजीने आपल्या किनाऱ्यावर सांगितला. इंग्रजी कागदांतून त्याला ‘चाचा’ म्हटले गेले ते ह्याच कारणाने. परवाना पोर्तुगिजाने मागितला तर ते सार्वभौमत्व आणि आंग्र्याने मागितला तर ती चाचेगिरी, हा भेद मुंबईकरांच्या सोयीचा होता. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. तीत कमोडोर मॅथ्यूज ह्याच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे प्रत्यक्ष सामील होती. मराठ्यांची फौज घेऊन बाजीराव मदतीस आला, पोर्तुगिजांनी १७२२ च्या जानेवारीत वेगळा तह केला आणि चढाई फसली. सरखेल समुद्र राखी आणि त्याच्या पाठीशी घाटावरची फौज उभी राही, तोवर ही व्यवस्था अत्यंत बळकट होती. तिचा दोष लढाईत दिसणारा नव्हता. तो वारशात होता.

आनुवंशिक आरमारप्रमुखपद हे मराठ्यांचेच वैगुण्य होते असे मात्र समजू नये. कोलंबसाला १४९२ साली मिळालेले ‘महासागराचा आल्मिरांते’ हे पद वंशपरंपरेचे होते, आणि वास्को द गामाला मिळालेली तशीच पदवीही त्याच्या वंशजांकडे चालली. भेद पडला तो पुढे. इंग्लंडात सर्वोच्च ॲडमिरलाचे पद १७०९ पासून, एका अल्प अपवादाखेरीज, कोणा एका व्यक्तीस न देता एका मंडळाकडे सोपविलेले राहिले. १७१४ साली मराठ्यांच्या सरखेलीला मुलूख व वारसा ह्यांची जोड मिळाली, तेव्हा इंग्लंडातील सर्वोच्च नौदल-अधिकार व्यक्तीपासून तोडला जाऊन नुकतीच पाच वर्षे झाली होती.

१७२९ साली कान्होजी वारला. त्याचा पुत्र सेखोजी १७३३ साली वारला आणि संभाजी व मानाजी ह्या भावांत कलह जुंपला. मानाजीने कुलाबा घेताना प्रथम पोर्तुगिजांचे साह्य घेतले आणि पुढे त्यांच्याशी बिघाड केला. १७३५ साली बाजीरावाने निवाडा केला तो असा : संभाजी सरखेल, त्याच्याकडे दक्षिणेतील सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू, मानाजी ‘वजारतमाब’, त्याच्याकडे कुलाबा. घराण्याची वाटणी म्हणून हा निवाडा सर्वस्वी रीतीस धरून होता. वतनदारीच्या कायद्यात दोन भावांना दोन वाटे मिळणे ह्यात वावगे काही नाही. पण ह्या वाटणीत शेतांबरोबर आणि गढ्यांबरोबर गुराबाही वाटल्या गेल्या. पेशव्याने हे मुद्दाम केले की त्याचा नाइलाज झाला, ह्यावर वाद होऊ शकतो. आंग्र्यांचे बळ दुभंगणे त्याला अप्रिय नव्हते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

वाटणीला दोनच वर्षे झाली आणि मराठ्यांना आरमाराची सर्वांत अधिक गरज लागेल अशी मोहीम निघाली. १७३७ च्या मार्चात चिमाजी आप्पाने साष्टीवर उठावणी केली. खाडीपलीकडील अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू ह्यांनी ह्या प्रदेशाची सारी माहिती पुरविली होती. अंजूर हे भिवंडीच्या बाजूस खाडीच्या उत्तर काठावर आहे. आजच्या घोडबंदर रस्त्यावरील कोलशेत-कासारवडवलीच्या पलीकडचाच तो मुलूख. मार्चअखेर एका रात्री मराठ्यांनी होड्यांतून खाडी ओलांडून ठाण्याच्या किल्ल्यावर छापा घातला. किल्ल्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते. उत्तरेच्या पोर्तुगीज सेनापतीचा धीर सुटला आणि ठाणे पडले. त्याच वर्षी घोडबंदरही मराठ्यांकडे आले. कल्याणहून समुद्राकडे जाणारी वाट आपल्या ताब्यात यावी म्हणून ऐंशी वर्षे जी प्रतीक्षा चालली होती, तिचा मोठा भाग एका हंगामात संपला. हे यश कोणा सरखेलाचे नव्हते. होड्या हाकणारे स्थानिक नावाडी, वाट दाखविणारे अंजूरकर आणि घाटावरून आलेले पायदळ ह्यांचे ते होते.

घोडबंदर व ठाणे गेल्याने वसईचा साष्टीशी संबंध तुटला. पोर्तुगिजांनी हे तत्काळ ओळखले, आणि १७३८ च्या अखेरीस त्यांचा सेनानी पेद्रु द मेलु जहाजे घेऊन खाडीतून ठाण्यावर चालून गेला. ह्या हल्ल्याची पूर्वसूचना मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांस दिली होती. अरुंद पाण्यात काठावरच्या तोफांसमोर जहाजांचा निभाव लागला नाही आणि पेद्रु द मेलु स्वतः गोळा लागून ठार झाला. ज्या खाडीने मराठ्यांचे आरमार दीर्घकाळ कोंडून ठेवले होते तिनेच आता पोर्तुगिजांची वाट अडविली.

वसईचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत आवळला गेला. किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी. जमिनीवरून पोहोचता येईल अशी बाजू उत्तरेची, आणि तीही वाळूची. मार्चात खाडीच्या दक्षिण तोंडावरचा, भाइंदरच्या पश्चिमेचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. नंतर मोर्चे चालवून सुरुंगांनी तट उडविला आणि मे महिन्यात वसई हाती आली. समुद्राच्या बाजूने कोंडी करण्याचे काम मानाजी आंग्र्याच्या जहाजांनी केले. गोव्याहून मोठी कुमक येऊ शकली नाही, ह्याला मानाजीइतकेच, किंबहुना अधिकच, कारण व्यंकटराव घोरपड्याने त्याच वेळी गोव्यावर घातलेली स्वारी हे होते. संभाजी आंग्रे, जो पदाने सरखेल, तो ह्या मोहिमेच्या बाहेरच राहिला. आरमाराच्या इतिहासात ही गोष्ट किती विलक्षण आहे! मराठ्यांनी एका युरोपीय सत्तेवर मिळविलेल्या सर्वांत मोठ्या विजयात मराठ्यांच्या आरमारप्रमुखाला स्थान नाही. वर्षभरात, १७४० साली, ह्याच संभाजीने मानाजीच्या कुलाब्यावर चाल केली, आणि मानाजीच्या मदतीस पेशवा व इंग्रज दोघेही धावले. पुढे १७५५-५६ साली जे घडले त्याचा आराखडा येथेच तयार होता.

वसईनंतर पेशव्याने आपले स्वतंत्र आरमार उभारावयास घेतले. शंकराजी केशवासारखे वसईचे सुभेदार त्याचा कारभार पाहत. म्हणजे एकाच राज्यात आता तीन आरमारे झाली : कुलाब्याचे, विजयदुर्गाचे आणि वसईचे. संभाजीमागून आलेल्या तुळाजीने पेशव्याचा अधिकार मानला नाही. १७५५ साली कमोडोर जेम्स ह्याने सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल चार्ल्स वॉटसन व कर्नल क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरात एकमेकांस बांधून ठेवलेली आंग्र्याची जहाजे आगीने भस्म झाली. ही आग ज्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर प्रथम भडकली, ते आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले होते. तेव्हा ‘पेशव्याने आपलेच आरमार बुडविले’ हे विधान नकाशाकडे पाहून केले तर खरे, आणि तत्कालीन कागदांकडे पाहून केले तर अर्धवट आहे. पेशव्याच्या दृष्टीने तो एका बंडखोर सरदाराचा पाडाव होता. त्याने जे केले ते घाटावर अनेक सरदारांच्या बाबतीत केले जात असे. फरक इतकाच की स्वारांचे पथक मोडले तर दुसरे पथक एका हंगामात उभे राहते. जळालेल्या गुराबांचे आणि पांगलेल्या तांडेलांचे तसे नाही.

ह्या मोहिमेतील वॉटसनच्या पदाकडे पाहिले म्हणजे ‘सरखेल’ व ‘ॲडमिरल’ ह्यांतील अंतर उघड होते. विजयदुर्गानंतर दीड वर्षाने, १७५७ च्या ऑगस्टात, तो कलकत्त्यास वारला. विजयदुर्गावर त्याच्याबरोबर असलेल्या जॉर्ज पोकॉककडे आरमार गेले आणि १७५८ साली त्याने फ्रेंचांशी लढाया दिल्या. वॉटसनला पुत्र होता की नव्हता, ह्या प्रश्नाला येथे काही अर्थच नव्हता. उलट आंग्र्यांच्या घरात प्रमुखाचा प्रत्येक मृत्यू हा आरमारावरचा प्रसंग ठरला.

ह्या वॉटसनशी जॉन वॉटसनची गल्लत होऊ देऊ नये. हा दुसरा वॉटसन मुंबईच्या कंपनीच्या आरमाराचा कमोडोर. त्याचा संबंध पुन्हा आपल्या खाडीशी येतो. वसई परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची बातमी ऐकून मुंबईकरांनी घाई केली आणि १७७४ च्या डिसेंबरात जनरल गॉर्डनची फौज व वॉटसनची जहाजे ठाण्यावर गेली. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी तोफेचा गोळा वॉटसनजवळ वाळूत पडला. उडालेल्या वाळूचे कण शरीरात घुसून झालेल्या जखमांनी तो मेला. २८ डिसेंबरास ठाणे पडले आणि साष्टी गेली. खाडीतून आलेल्या शत्रूला पाण्यावरच अडविण्यास मराठी आरमार येथे नव्हते. पेशव्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे आता विजयदुर्गास, धुळपांच्या सुभेदारीत होते. १७७५ च्या आरंभी कमोडोर मूर ह्याच्या जहाजांशी झालेल्या झुंजीत ‘समशेरजंग’ हे त्यातील मोठे जहाज स्फोट होऊन नष्ट झाले, तेही दक्षिणेत, विजयदुर्गाच्याच दर्यावर.

धुळप हे पदाने सुभेदार होते, सरखेल नव्हते. शिवकालीन नाव परत आले, आणि काही अंशी ती व्यवस्थाही परतली. १७८३ च्या एप्रिलात आनंदराव धुळपाने ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज कडव्या लढाईनंतर पकडले, ते ह्या आरमारात अजून दम होता ह्याचे प्रमाण होय. परंतु सालबाईचा तह त्यापूर्वीच झालेला होता आणि साष्टी त्यात इंग्रजांकडे राहिली होती. शिवाय सुभेदारीही एव्हाना घराण्याची झालीच होती. पदाचे नाव बदलले म्हणजे पदाचे स्वरूप बदलतेच असे नाही.

आजच्या भारतीय नौदलात ‘ॲडमिरल’ हेच पदनाम चालते. भास्कर सदाशिव सोमण ह्यांनी १९६२ ते १९६६ ह्या काळात नौदलप्रमुखपद भूषविले तेव्हा त्यांचा हुद्दा व्हाइस ॲडमिरलाचा होता. २०२२ साली नौदलाच्या निशाणावर आणि २०२३ च्या अखेरीस ॲडमिरलांच्या स्कंधचिन्हांवर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ह्या चिन्हाचा संबंध १६७९ च्या सुभेदारांशी जोडणे युक्त आहे. १७१४ च्या सरखेलीशी तो जोडता येणार नाही.

सरखेलांच्या घराण्याचा शेवट आरमारी पराभवाने झाला नाही. मानाजीच्या वंशजांचे कुलाब्याचे संस्थान पेशवाईनंतरही टिकले. १८३८ साली दुसरा रघोजी वारला, त्याच्यामागे जन्मलेला पुत्र पुढल्याच वर्षी गेला, आणि औरस वारस नाही ह्या कारणावरून १८४० साली कंपनी सरकारने ते खालसा केले.